बोटभर अंतर

शनिवार, १ मार्च २०१४. स्टॉकटन

सकाळची साखर १६२. ही वही दवाखान्यातल्या बाईंनी दिली, रोजची साखर लिहून आणा म्हणाल्या. आकड्याशेजारी रिकामी जागा आहे, तिच्यावर छापलंय: काय खाल्लं, कसं वाटलं. काय खाल्लं ते माझी बायको नेनिंग माझ्याआधी जाऊन त्यांना सांगते. कसं वाटलं ते कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहितो. दमल्यासारखं वाटलं.

आज तालीम होती. गॅरेजमधून गाडी बाहेर काढली, सात जण आले. सगळे मला मानोंग म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. रीतीप्रमाणे एकेकाने वाकून माझा उजवा हात कपाळाला लावला, आशीर्वाद घेतला आणि मग काठ्या उचलल्या. दोन तास सराव, शेवटी परीक्षा.

परीक्षा म्हणजे मीच घातलेली अट. तीन वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर शब्द दिला की काठीच्या खेळात जो कुणी माझ्या उजव्या हातावर वार बसवेल, त्याच्या हवाली ही तालीम, नाव, काठ्या, सगळं. मायदेशी, सेबू बेटावर, माझे वस्ताद नोय इस्को ह्यांनी मला हीच अट घातली होती. आमच्या एस्क्रिमात, म्हणजे ह्या काठीच्या विद्येत, पहिलं लक्ष्य हातच असतो. काठी धरणारा हात गेला की माणूस गेला, मग डोकं फोडायची गरज पडत नाही.

आज अर्सिंग, डॅरेल आणि फे उतरले. कुणालाच जमलं नाही. अर्सिंग बावीस वर्षं माझ्याकडे आहे, ट्रक चालवतो, मनगट असं की चाकाचे नट नुसत्या हाताने फिरवेल. पण माझ्या हातापर्यंत आला की त्याचा वार हवेत जातो. डॅरेल इथेच अमेरिकेत जन्मलेला, तिशीतला, चपळ आहे, पण तोही तसाच. फे हॉस्पिटलात नर्स आहे, चौदा वर्षं शिकतेय. तिची काठी सगळ्यांत जवळ येते. बोटांना वारा लागतो, काठी लागत नाही.

जूनमध्ये मला एकाहत्तर पूर्ण होतील. ह्या वयात तिघांना चुकवतो ह्याचा अभिमान वाटायला हवा. वाटलाही, कपडे बदलेपर्यंत. मग पलंगावर टेकलो तो उठवेना. ह्यांना कधी जमणार आणि मी कधी सुटणार, देवाला ठाऊक.

बुधवार, ५ मार्च. राखेचा बुधवार

साखर १५४. चर्चमधून कपाळाला राख लावून आलो आणि शर्टाची दोन बटणं निघेनात. बोटांना आधी मुंग्या येतात, मग काहीच कळेनासं होतं. नेनिंगने काढली. एकोणचाळीस वर्षांचा संसार झालाय, लाज वाटायचं कारण नाही, पण वाटली.

"परवा माझा चांगला कप फोडलास," ती म्हणाली. "तालीम बंद कर आता, म्हाताऱ्या."

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

"सगळ्यांना. आणि नोय इस्कोंची रीत आहे. हातावर वार बसल्याशिवाय वस्तादाने उठायचं नसतं."

"नोय इस्को जाऊन तीस वर्षं झाली. ते काय हजेरी घ्यायला येणार आहेत?"

"लोक म्हणतील, दमला म्हणून सोडली."

"दमला आहेसच की."

"कोण म्हणतं?"

ती हातातल्या शर्टाकडे बघून जराशी हसली आणि आत गेली. बायकांना काय सुचवायचं असतं ते सरळ सांगतील तर शपथ.

शनिवार, १५ मार्च

डॅरेलला झापलं. इतका सुस्त वार मी ह्या तालमीत कधी बघितला नाही. "झोपेत आहेस का?" म्हटलं. "मी एकाहत्तरीचा, तू तिशीचा, आणि हात तुला दिसत नाही?"

"मानोंग, तुमचा हात दिसायला नको का? नुसता झपकन जातो."

डॅरेल तसा सरळ मुलगा आहे. खोटी स्तुती करणारा नाही. बरं वाटलं. फे मात्र खाली बघत काठीचा धागा सोलत उभी होती, तिची रात्रपाळी झाली असावी.

अर्सिंगबरोबर खेळताना एक गंमत झाली. माझी काठी निसटली आणि नेमकी त्याच क्षणी त्याचीही. दोन्ही काठ्या जमिनीवर गडगडत गेल्या. गरम होतं, वेत घामाने निसटतातच. अर्सिंग म्हणाला, "नवीन आणलेल्या ह्या काठ्याच बेकार, मानोंग." त्याची काठी तर जुनीच होती.

पाठीत उसण भरली आहे. नेनिंगने तेल चोळलं. ही तालीम मी १९८३ साली सुरू केली, तेव्हा शाळेत झाडू मारायचो आणि त्याआधी बारा वर्षं काकाबरोबर अ‍ॅस्परॅगस कापत शेतातून वाकून चाललेलो. आपली पोरं आपल्याला कायम वाकलेलंच बघतात, एकदा सरळ उभं बघू देत, एवढाच विचार होता. चांगला विचार होता. पण एकतीस वर्षं सरळ उभं राहूनही माणूस दमतो.

शनिवार, २२ मार्च

नवीन माणूस आला. हॅल्व्होर्सन नाव, लोडायहून येतो, आगीच्या बंबावरून निवृत्त झालेला. दाराची चौकट त्याला बुटकी पडते. सगळे माझा हात कपाळाला लावत होते तेव्हा हा रांगेत उभा राहिला, त्याची पाळी आली तशी माझा हात धरून जोरात हलवला आणि म्हणाला, "भेटून आनंद झाला, सर." डॅरेल तोंड फिरवून हसत होता.

माणूस वाईट नाही. नियम सांगितले ते त्याने वहीत उतरवून घेतले, परीक्षेचासुद्धा. "म्हणजे कुणीही?" त्याने विचारलं. "कुणीही," मी म्हटलं. अर्सिंग खाकरला.

नेनिंगने त्याला सुकी मासळी आणि भात वाढला. त्याने तीनदा घेतलं. "ह्याला काढू नकोस," ती मला म्हणाली. "वरच्या फळीवरचे डबे काढायला कामाचा आहे."

शनिवार, १२ एप्रिल

साखर लिहायची राहिली.

परीक्षेच्या वेळी हॅल्व्होर्सनने हात वर केला. "मी बघू का, सर?" चौथाच दिवस त्याचा. पाय अजून बदकासारखे पडतात. मी म्हटलं, ये.

त्याने दोन वार केले ते मी अडवले. तिसरा सरळ माझ्या हातावर आला. जोरात नव्हता, दारावर टकटक करावी तेवढाच, पण बसला. मधल्या दोन बोटांवर.

 हॅल्व्होर्सनच घाबरला. "माफ करा सर, लागलं का?" मी नाही म्हटलं. खरंच लागलं नव्हतं.

तीन वर्षांत पहिला वार. हे कसं झालं त्याचा दिवसभर विचार करतोय. एक तर तेव्हा दारातून ऊन थेट डोळ्यावर होतं. दुसरं, ह्या लोकांच्या हालचालीला आपल्यासारखा ताल नसतो, काठी कुठून येईल सांगता येत नाही. तिसरं, तो साडेसहा फूट आहे.

जेवताना नेनिंगला ही तिन्ही कारणं सांगितली. तिने ऐकून घेतली आणि मला आणखी भात वाढला, जो मला मना आहे.

रविवार, १३ एप्रिल. झावळ्यांचा रविवार

चर्चमध्ये फे भेटली. वाकून हात कपाळाला लावला आणि विचारलं, "सूज आहे का?" म्हटलं, कसली सूज, माशी बसावी तसं होतं. ती म्हणाली, "हं." आणि हातातली झावळी उगाच विणत राहिली.

शब्द दिलाय तो दिलाय. म्हणजे तालीम आता त्या बंबवाल्याची. ज्याला बारा वारांची नावंसुद्धा येत नाहीत.  मीच "कुणीही" म्हटलं होतं. पवित्र आठवड्यात तालीम नसते, तेवढाच विचार करायला वेळ आहे. पण विचार करायलाही अंगात त्राण हवं.

शनिवार, २६ एप्रिल

 जमेल तसं लिहितो.

ईस्टरनंतरचा पहिला दिवस. मी ठरवून आलो होतो की उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं आणि हॅल्व्होर्सनला पुन्हा बोलवायचं. गेल्या वेळचा वार चुकून बसला असेल तर कळेल. बोलवलं. त्याने तीन वेळा खेळ केला आणि तीनदा माझ्या हातावर टकटक केली. चौथ्या वेळी तोच थांबला आणि म्हणाला, "सर, मला खरंच कळत नाही. तुमचा हात तिथेच असतो. मला वाटलं, शिकवायला म्हणून मुद्दाम ठेवताय. हे सगळे तर माझ्यापेक्षा किती तरी..."

"ए, गप बस," अर्सिंग म्हणाला.

त्या "गप बस"मध्ये काहीतरी होतं. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. डॅरेल जमिनीकडे, अर्सिंग छताकडे, फे माझ्याकडे.

मी अर्सिंगला समोर उभं केलं. म्हटलं, माझ्या हातावर मार. त्याने काठी उचलली, आणि मी तीन वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. हात हलवलाच नाही. अडवला नाही, मागे घेतला नाही, भिंतीवरच्या खुंटीसारखा तिथेच ठेवला.

अर्सिंगचा वार चुकला.

न हलणाऱ्या हातावरचा वार चुकला. काठी सपकन आली आणि बोटभर अंतरावर येऊन थांबली, मग त्याने ती अशी बाजूला वळवली की बघणाऱ्याला वाटावं, नेम हुकला. मी डॅरेलला बोलवलं. तेच. फेला बोलवलं. तिची काठी सगळ्यांत जोरात आली, मला आवाज आला, आणि बोटांच्या इतकी जवळ थांबली की मध्ये कागद सरकवायलाही जागा नव्हती. तिने वळवली नाही. तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते.

मी म्हटलं, "घरी जा सगळे."

सोमवार, २८ एप्रिल

तालीम बंद केली. गाडी पुन्हा आत ठेवून दाराला कुलूप लावलं.

नेनिंगला विचारलं, तुला माहीत होतं? "सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "पाद्रीबाबांनासुद्धा. गेल्या नाताळात त्यांनी मला विचारलं, मानोंग तुतोंच्या हाताला अजून कुणी काठी लावली नाही ना?"

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय केलं असतंस? हेच. कुलूप लावून बसला असतास."

तीन वर्षं मला खेळवलं. लहान मुलाबरोबर पळताना बाप मुद्दाम मागे राहतो, तसं. आणि मी वर त्यांना झापत होतो, सुस्त म्हणत होतो. एवढी शरम मला ह्या देशात आल्यावर पहिल्या वर्षीही वाटली नव्हती, आणि तेव्हा दुकानाच्या दारातून हाकलत होते.

रविवार, ४ मे

साखर २१०. नेनिंग बोलत नाहीये, कारण मी केक खाल्ला.

आज एक लिहून टाकतो. नोय इस्कोंची गोष्ट मी तालमीत शंभर वेळा सांगितली असेल. १९७० चा डिसेंबर, सेबूतल्या आर्गाव गावाचा किनारा, मी वस्तादांच्या हातावर वार बसवला, ते खदाखदा हसले आणि साऱ्या गावाला माडी पाजली. हे सगळं खरं आहे. ते हसले होते.

पुढचं मी कधी सांगितलं नाही. माझे अमेरिकेचे कागद आले होते. मला घाई होती. जाण्याआधी त्यांच्या तालमीतून पास झालो असं म्हणवून घ्यायचं होतं. मी सत्तावीस वर्षांचा, ते साठीचे. मी सगळा जोर लावून मारला. दोन बोटं मोडली, ती कधी सरळ झालीच नाहीत. ते मासेमार होते. नंतर त्यांना जाळ्याच्या गाठी मारता येईनात, असं बहिणीने पत्रात लिहिलं होतं. निघायच्या दिवशी मी आशीर्वाद घ्यायला गेलो तर उजव्या हाताला फडकं बांधलेलं. कपाळाला काय लावणार? मी तसाच निघालो. परत कधी गेलो नाही. आधी परवडत नव्हतं, नंतर तोंड नव्हतं.

माझ्या लोकांना हे सुचलंच नाही. ज्या हाताला दर शनिवारी कपाळ लावायचं त्याच्यावर काठी कशी चालवायची, एवढा साधा प्रश्न त्यांना पडला. मला पडला नव्हता. म्हणूनच ही अट घालताना मला ती कठीण वाटली नाही.

शनिवार, १० मे

हॅल्व्होर्सन चेरीची पेटी घेऊन आला. दारातच उभा राहिला, आत बोलवेपर्यंत.

मी म्हटलं, "शब्द दिलाय. तालीम तुझी."

"मला नको आहे, सर. मला शिकायचं आहे."

"नियम आहे."

"मग मी चुकीचं केलं. सोपं होतं ते केलं." मग म्हणाला, "त्या बाईंनी काठी जशी थांबवली ना, तसं मला मरेपर्यंत जमणार नाही. मी काठी फक्त सोडून देतो. ती जिथे आदळेल तिथे."

हे त्या बंबवाल्याला पाच आठवड्यांत कळलं. मी वस्ताद. पूर्ण वेगाने आलेली काठी कागदाच्या अंतरावर थांबवायची ही ह्या विद्येतली सगळ्यांत कठीण गोष्ट, आणि ती माझ्यासमोर दर शनिवारी तीन वर्षं घडत होती. मी तिला चुकलेला वार समजत होतो.

जाताना त्याने पुन्हा हात हलवला. हळू, ह्या वेळी.

शनिवार, १७ मे

अर्सिंग आला. ट्रक बाहेर लावून अर्धा तास आतच बसून होता. शेवटी नेनिंगने जाऊन काच ठोठावली.

स्वयंपाकघरात बसला.  नेनिंग म्हणाली, "दोघांनी असंच बसायचं असेल तर शेंगा सोला."

शेंगा सोलता सोलता अर्सिंग म्हणाला, "मानोंग, बावीस वर्षं तुमचा हात कपाळाला लावतोय. त्याच्यावर काठी हाणली तर माझी आई थडग्यातून उठून माझ्या कानाखाली देईल."

"मग मला सांगायचं."

"काय सांगायचं? मानोंग, तुम्ही म्हातारे झालात? आणि आम्हाला वाटलं, तुम्हाला तालीम म्हणजे जीव की प्राण. ती काढून घेतली तर तुम्ही घरात बसून वाळून जाल. म्हणून आम्ही ठरवलं, मानोंग आहेत तोवर कुणी वार बसवायचा नाही." त्याने एक शेंग सोलली. "खरं सांगू? माझे गुडघे गेलेत. मर्सेडहून सव्वा तास गाडी मारून येतो, दोन तास उभा राहतो, परत जातो, रविवारचा अख्खा दिवस झोपून काढतो. दोन वर्षांपूर्वीच सोडणार होतो."

"मग का आलास?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मला हसू आलं. आधी आवरलं, मग आवरेना. अर्सिंगलाही येऊ लागलं. मी त्यांच्यासाठी उभा राहत होतो, ते माझ्यासाठी उभे राहत होते, आणि त्या गॅरेजात एकाच्याही पायात जीव नव्हता. नेनिंग म्हणाली, "दोन गाढवं," आणि सोललेल्या शेंगा उचलून घेऊन गेली.

पण अर्सिंग गेल्यावर पुन्हा तेच. तालीम कुणाकडे द्यायची? अर्सिंगला नको. डॅरेलला नोकरी सॅक्रामेंटोला लागतेय. हॅल्व्होर्सन घेत नाही. फे आलीच नाही. तिने फोनही केला नाही. तिला नको असेल तर कुलूप तसंच राहील, आणि नोय इस्कोंची मोडलेली बोटं फुकट जातील.

शनिवार, ७ जून

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीचे पाय झालंय. पण आजचं आजच लिहायला हवं.

फे सकाळी आठला आली. रात्रपाळी करून थेट, नर्सच्या कपड्यांत. आशीर्वाद घ्यायला पुढे झाली, मी हात मागे घेतला. म्हटलं, आधी गॅरेजात चल.

गाडी तिनेच बाहेर काढली. उभं राहिल्या राहिल्या मी विचारलं, "तुला तालीम हवी आहे का?"

"हवी आहे," ती म्हणाली. एक क्षणही थांबली नाही. "तुम्ही शब्द दिलात त्या दिवसापासून हवी आहे."

"मग मारलं का नाहीस? कागदाच्या अंतरापर्यंत आलीस."

"हवी होती म्हणूनच. तालमीच्या हावेपायी वस्तादाचा हात फोडला, असं मी जन्मभर स्वतःला म्हणत राहिले असते."

मी तिला आर्गावची गोष्ट सांगितली. सगळी, जाळ्याच्या गाठींसकट. तिने ऐकली आणि म्हणाली, "बघा. म्हणजे मी बरोबर होते."  ती दाराकडे निघाली. मला दिसलं, ही आता जाणार, आणि पुढच्या शनिवारी मी म्हटलं तर पुन्हा येणार, पुन्हा बोटभर अंतरावर थांबणार, आणि मी मरेपर्यंत इथे उभा राहणार, कारण माझ्या लोकांचा माझ्यावर फार जीव आहे.

मी म्हटलं, "फे, मी दमलोय."

ती थांबली.

हे मी आजवर कुणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. नेनिंगलासुद्धा नाही. शेतात नाही, शाळेत नाही, तालमीत तर नाहीच. एकदा सुरू झालं ते थांबेना. म्हटलं, अट घातली तेव्हाच दमलो होतो, म्हणून तर घातली. दर शनिवारी वाटायचं, आज कुणीतरी मारेल आणि मी घरात जाऊन पडेन. तुम्ही मला जिंकू देत होता आणि मी हरायची वाट बघत होतो. माझ्या तोंडाने सोडतो म्हणायची मला लाज वाटते. तेवढं तरी माझ्यासाठी कर.

फे परत आली. माझा हात हातात घेतला, पण कपाळाला लावला नाही. नर्स बघते तसा बघितला. एकेक बोट दाबून विचारत गेली, हे कळतं? हे? दोन ठिकाणी मी हो म्हटलं, बाकी नाही. "कधीपासून?" "दोन वर्षं झाली." "आणि मला सांगितलं नाहीत." "तू तरी काय सांगितलंस?" म्हटलं.

मग तिने भिंतीवरच्या दोन काठ्या काढल्या, एक मला दिली. आम्ही खेळलो. फसवाफसवी नाही. तिने मला माझ्याच तालमीत असं फिरवलं की तिसऱ्या फेरीला मला काठी कुठे आहे तेच कळेना. आणि मग ती काठी थांबली नाही.

आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. करंगळीशेजारचं बोट. मी खाली बसलो. ती शेजारी बसली, हातातली काठी टाकून दिली आणि हुंदके देऊन रडायला लागली. चाळिशी उलटलेली बाई, नर्सच्या कपड्यांत, सिमेंटच्या जमिनीवर. मी डाव्या हाताने तिची पाठ थोपटली आणि म्हटलं, "उशीर केलास गं, फार उशीर केलास." ती म्हणाली, "माहीत आहे, मानोंग."

हॉस्पिटलात तिनेच नेलं. बोट सरळ बसवलंय, सहा आठवड्यांत नीट होईल म्हणतात. घरी आलो आणि सकाळी अकराला झोपलो. नेनिंगने चारला उठवलं.

शनिवार, १४ जून

साखर १३८. नेनिंगने वहीवर मोठा गोल काढला.

तालीम भरली आहे. मी गेलो नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं. हॅल्व्होर्सनचे पाय, काठ्यांचा ठोका. अर्सिंग आलाय, पण फेने त्याला खुर्ची दिली आहे आणि तो बसून सगळ्यांच्या चुका काढतोय.

सराव संपल्यावर डॅरेलने विचारलं, "आता तुमच्या हातावर वार बसवायचा का, ताई?"

फे म्हणाली, "नाही. ती परीक्षा बंद. मी दमले की माझ्या तोंडाने सांगेन. आणि तुमच्यापैकी कुणी दमलं तर त्यानेही सांगायचं. चला, झाडू घ्या."

नोय इस्कोंची रीत. त्यांच्या आधी त्यांच्या वस्तादांची. एका दमात मोडीत काढली. असं बोलतात का, असं जाऊन विचारावं म्हणून उठायला मी टेबलावर डावा हात टेकला. एवढं सोपं होतं, हे कुणीच मला सत्तर वर्षांत सांगितलं नाही. मग हात काढून घेतला.

नेनिंगने विचारलं, "जायचंय का बघायला?"

म्हटलं, "नाही. मी दमलोय."

"बरं," ती म्हणाली आणि माझ्यासमोर कॉफी ठेवली.